एक पान, अनेक चहा

वांगे चिरून ठेवले की थोड्याच वेळात त्याच्या फोडी काळ्या पडू लागतात. म्हणून आपल्या घरोघरी त्या लगेच मिठाच्या पाण्यात टाकण्याची पद्धत आहे. केळफूल चिरणारी आजी ते ताकात टाकते. असे का करायचे, हे तिला कोणी रसायनशास्त्राच्या भाषेत सांगितलेले नसते. न केल्यास काय होते, हे मात्र तिने पाहिलेले असते.

या वांग्याच्या फोडींचे आणि आपल्या सकाळच्या चहाचे जवळचे नाते आहे. आमच्या लक्षात ते आले एका फजितीमुळे. काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही सूक्ष्मजीवांवर बोलत होतो. दही, इडलीचे पीठ, पाव अशी किण्वनाची उदाहरणे देता देता ओघात सांगून टाकले, "काळा चहासुद्धा पाने आंबवूनच करतात." मागच्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला. "सर, दह्यात कोणते जंतू असतात ते आम्ही मुलांना सांगतो. चहा कोणते जंतू आंबवतात?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. पाहून सांगतो, असे म्हणून वेळ मारून नेली आणि घरी आल्यावर पुस्तके उघडली. उत्तर निघाले, कोणतेच नाहीत! काळ्या चहाचे 'आंबवणे' हे आंबवणे नव्हेच. चहाच्या व्यवसायात तो शब्द पूर्वी रूढ झाला आणि तिथून तो पाठ्यपुस्तकांत व आमच्यासारख्यांच्या भाषणांत शिरला. या शब्दाच्या मागे जाता जाता जो इतिहास हाती लागला, तो त्या बाईंच्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर म्हणून येथे देत आहोत.

पानातल्या दोन खोल्या

प्रथम पानाच्या आत काय आहे ते पाहू. चहाच्या कोवळ्या पानात तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक पाणी असते. पाणी वगळून जे उरते, त्याचा साधारण चौथा हिस्सा पॉलिफेनॉल गटातील संयुगांचा असतो. त्यांतील मुख्य म्हणजे कॅटेचिने. ती रंगहीन आणि चवीला तुरट असतात. पेशीच्या आतील रिक्तिकेत ती साठवलेली असतात. या कॅटेचिनांवर क्रिया करणारे पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाचे विकरही त्याच पेशीत असते. पण ते असते हरितलवकात. दोघांच्या खोल्या वेगळ्या आणि मध्ये पातळ पटलांच्या भिंती. पान झाडावर धडधाकट आहे तोवर त्यांची गाठ पडत नाही.

पान चुरगळले की भिंती फुटतात. कॅटेचिने, विकर आणि हवेतील ऑक्सिजन एकत्र येतात आणि ऑक्सिडीकरण सुरू होते. त्यातून प्रथम पिवळसर नारिंगी रंगाची थिआफ्लेविने आणि नंतर तांबूस तपकिरी थिआरुबिजिने तयार होतात. हिरवे पान तांब्याच्या रंगाचे होते, तुरटपणा कमी होतो, वास बदलतो. वांग्याच्या चिरलेल्या फोडीत हेच घडते; तेथेही याच जातीचे विकर काम करत असते. जंतूंचा येथे काही संबंध नाही. जंतुनाशक वापरले तरी चुरगळलेले पान तांबडे होतेच. पण तेच पान आधी उकळत्या पाण्यात बुडवून काढले, तर होत नाही. कारण विकर हे प्रथिन आहे. पुरेशी उष्णता लागली की ते कायमचे निकामी होते.

आता चहाच्या कारागिरीचे मर्म एका वाक्यात सांगता येईल. चहा करणे म्हणजे या विकराला केव्हा थांबवायचे ते ठरवणे. पान खुडल्यावर लवकरच ते तापवून विकर मारले, तर हिरवा चहा. थोडे काम करू देऊन मग मारले, तर ऊलाँग. मनसोक्त काम करू देऊन शेवटी मारले, तर काळा चहा. झाड एकच, पानही एकच. बदलतो तो क्रम आणि वेळ.

हे आपण आज एका परिच्छेदात सांगू शकतो. पण ज्यांनी ते शोधून काढले, त्यांच्याजवळ विकर हा शब्द नव्हता, सूक्ष्मदर्शक नव्हता आणि तापमापकही नव्हता. होते ते हात, नाक आणि डोळे.

वाफ आणि कढई

चहावरचा सर्वांत प्रसिद्ध प्राचीन ग्रंथ म्हणजे चीनमधील लू यू याने आठव्या शतकात लिहिलेला 'चा चिंग'. त्यात चहा करण्याच्या पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत: पाने खुडणे, वाफवणे, कुटणे, साच्यात दाबून वड्या पाडणे, भाजून वाळवणे, वड्या ओवणे आणि बांधून ठेवणे. खुडल्यानंतरची पहिली पायरी वाफवण्याची आहे, हे लक्षात घ्या. कुटणे तिच्यानंतर येते. क्रम उलटा केला असता, तर आधी पेशी फुटल्या असत्या आणि पाने तांबडी झाली असती. म्हणजे विकर आधी मारायचे आणि भिंती मग फोडायच्या, हा नियम बाराशे वर्षांपूर्वी कारागिरांच्या हाती पक्का बसलेला होता.

पुढे १३९१ मध्ये मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने दरबाराला नजराणा म्हणून वड्यांचा चहा पाठवण्याची पद्धत बंद केली आणि सुटा चहा पाठवण्याची आज्ञा दिली. वड्यांचा खटाटोप मागे पडला. सुट्या पानांच्या चहाबरोबर चीनमध्ये वाफेऐवजी तापलेल्या लोखंडी कढईत पाने परतण्याची पद्धत पसरली. जपानने मात्र वाफ सोडली नाही. तेथे १७३८ मध्ये उजी भागातील नागातानी सोएन याने वाफवलेली पाने तापत्या फळीवर हातांनी वळत वळत वाळवण्याची रीत बसवली. आजचा जपानी सेन्चा चहा तिच्यातूनच आला.

कढईत पाने परतण्याच्या पायरीला चिनी भाषेत 'शा चिंग' म्हणतात. शब्दशः अर्थ, हिरवेपण मारणे. विकराचे नाव ठाऊक नसताना दिलेले हे नाव किती नेमके आहे! काहीतरी जिवंत, कच्चे असे पानात असते आणि ते मारावे लागते, हे त्यांना कळले होते.

हांगचौ शहराजवळचा लुंगचिंग चहा अजूनही अशा पद्धतीने हाताने केला जातो. कारागीर तापलेल्या कढईसमोर बसतो आणि मूठ-मूठ पाने उघड्या हाताने परततो. हाताच्या दहा हालचाली ठरलेल्या आहेत: उचलणे, झटकणे, थापणे, दाबणे, ढकलणे, घासणे वगैरे. यातली एकही शोभेसाठी नाही. सुरुवातीला पाने उचलून झटकायची, कारण पानांतून निघणारी वाफ बाहेर पडली पाहिजे. वाफ कोंडली तर ओल्या उष्णतेत हरितद्रव्य बिघडते आणि पाने पिवळी पडतात. पाणी कमी झाल्यावर दाबायचे, म्हणजे पान चपटे होते. दाबण्याची घाई केली तर पान ओलेच चिकटते. उशीर केला तर ते कडक होऊन मोडते. पहिल्या परतण्यानंतर पाने काही वेळ बाजूला पसरून ठेवतात. त्या काळात शिरांमधले पाणी कडांपर्यंत पसरते आणि ओलावा सारखा होतो. मग दुसऱ्यांदा कढई.

कढई पुरेशी तापलेली नसली तर काय होते? पान सावकाश तापते. विकर मरण्याच्या आधी कोमट अवस्थेतून जाते, आणि कोमट अवस्थेत ते उलट अधिक जोमाने काम करते. परिणामी देठ आणि पानांच्या कडा लालसर होतात. असा चहा बिघडलेला समजतात. कढई फार तापली तर पाने करपतात. या दोहोंच्या मधली वाट तळहाताला जाणवणारी धग आणि पाने पडताना होणारा चरचर आवाज यांवरून ठरते. चार-साडेचार किलो ओली पाने परतावीत तेव्हा किलोभर चहा हाती येतो.

तांबडी किनार

हिरव्या चहात विकराला संधीच द्यायची नसते. फूच्येन प्रांतातल्या वूयी डोंगरातील ऊलाँगचे कारागीर मात्र त्याला मोजूनमापून संधी देतात. ते पाने आधी उन्हात आणि मग सावलीत कोमेजू देतात. नंतर बांबूच्या मोठ्या सुपांत ती घोळवतात. थोडा वेळ घोळवायचे, मग स्वस्थ ठेवायचे, पुन्हा घोळवायचे. असे रात्रभर चालते. घोळवताना पानांच्या कडा एकमेकींवर आणि सुपावर घासतात. तेथल्याच पेशी फुटतात आणि कडा तांबड्या होतात. पानाचा मधला भाग हिरवाच राहतो. चांगल्या पानाची खूण चिनी कारागीर सांगतात ती हीच: मध्ये हिरवे आणि काठ तांबडे. आपल्याकडच्या हिरव्या लुगड्याचा लाल काठ आठवावा! सुगंध हवा तसा आला की पाने कढईत जातात आणि क्रिया थांबते. किती वेळा घोळवायचे, हे त्या दिवशीची हवा, पानाचे वय आणि आदल्या दिवशीचा पाऊस पाहून ठरवावे लागते. त्यामुळे त्याचे कोष्टक करता येत नाही.

काळ्या चहात कोमेजलेली पाने आधी जोराने वळतात, सर्व पेशी फुटू देतात आणि तो ओला लगदा पसरून किंवा झाकून ठेवतात. तांब्याचा रंग आणि पिकल्या फळासारखा वास आला की निखाऱ्यावर वाळवतात. चहाच्या व्यापाऱ्यांनी 'आंबवणे' म्हटले ते या झाकून ठेवण्याला. झाकून ठेवलेले, उबदार, वास बदलणारे काही पाहिले की कोणालाही पिठाची आठवण होणारच. चीनमधील युन्नान प्रांतात ओलसर ढिगात ठेवून पिकवला जाणारा पू-अर चहा मात्र खरोखर सूक्ष्मजीवांच्या मदतीने तयार होतो. तेथे आंबवणे हा शब्द चालेल.

लिनियसचे दोन चहा

आता युरोपकडे वळू. सतराव्या आणि अठराव्या शतकांत युरोपात हिरवा व काळा असे दोन्ही चहा जात होते. पण चहा होतो कसा, हे पाहिलेले युरोपीय थोडेच होते. १७५७ पासून तर त्यांच्या व्यापाराला कॅंटन हे एकच बंदर मोकळे राहिले आणि देशात आत जाण्यास मनाई होती. चहाच्या बागा तेथून शेकडो मैल दूर. शास्त्रज्ञांच्या हाती येत ती वाळलेली पाने, वाळलेल्या फांद्या आणि ऐकीव माहिती.

वनस्पतींच्या वर्गीकरणाचा जनक लिनियस याने १७५३ मध्ये चहाला एकच नाव दिले होते. पण १७६२ च्या आवृत्तीत त्याने दोन जाती केल्या: सहा पाकळ्यांची 'थिआ बोहिआ' आणि नऊ पाकळ्यांची 'थिआ विरिडिस'. पहिलीपासून काळा चहा होतो आणि दुसरीपासून हिरवा, अशी समजूत त्यातून पक्की झाली. खरे पाहता चहाच्या फुलातील पाकळ्यांची संख्या एकाच झुडपावरही बदलते. चहाचे जिवंत रोप लिनियसला मिळाले १७६३ मध्ये, म्हणजे नावे देऊन झाल्यानंतर. लंडनचे एक डॉक्टर जॉन लेटसम यांनी १७७२ मध्येच जात एकच असावी आणि फरक जमिनीचा व वाळवण्याच्या रीतीचा असावा, असे लिहिले. पण मोठ्या माणसाने केलेली चूक पुसायला वेळ लागतो, हा विज्ञानातला नेहमीचा अनुभव आहे. जवळजवळ ऐंशी वर्षे हा घोळ राहिला.

चीन आणि इंग्लंड यांच्यातील पहिल्या अफूच्या युद्धानंतर, १८४२ च्या तहाने आणखी बंदरे उघडली. १८४३ मध्ये रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश वनस्पतिज्ञ चीनमध्ये गेला. बागांमध्ये प्रत्यक्ष फिरल्यावर त्याला दिसले की, जिला हिरव्या चहाची जात म्हणत तिच्या पानांपासून फूच्येनमध्ये काळा चहा करत होते. आणि कॅंटनजवळ एकाच जातीपासून दोन्ही. हे त्याने १८४७ मध्ये छापले. जातीचा प्रश्न कारागिराच्या कढईपाशी सुटला. हर्बेरियमच्या कपाटात तो कितीही वर्षे पडून राहिला असता.

ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने फॉर्च्यून १८४८ मध्ये पुन्हा गेला, या वेळी चिनी वेष करून. हिरव्या चहाच्या एका कारखान्यात त्याने वेगळाच प्रकार पाहिला. परदेशी पाठवायच्या चहाला कामगार शेवटच्या परतण्यात निळा रंग आणि जिप्सम यांची पूड चोळत होते. निळा रंग म्हणजे प्रशियन ब्लू, रंगाऱ्याकडचा. फॉर्च्यूनने हिशेब केला. दर शंभर पौंड चहामागे अर्ध्या पौंडाहून अधिक पूड पडत होती. चिनी लोक स्वतः असा चहा पीत नसत. परदेशी गिऱ्हाइकाला एकसारखा निळसर हिरवा रंग आवडतो, म्हणून तो त्यांना पुरवला जात होता. दोष कोणाचा? रंग लावणाऱ्याचा तर होताच. पण पदार्थ कसा होतो हे न पाहता केवळ रंगावर भुलणाऱ्याचाही होता.

आसामातले कारागीर

फॉर्च्यूनच्या आधीच या गोष्टीचा उलगडा आपल्याच देशात, आसामात, होऊ लागला होता. ब्रह्मपुत्रेच्या वरच्या खोऱ्यातील सिंगफो लोक रानातल्या चहाची पाने पूर्वीपासून वापरत. ते पाने भांड्यात परततात, उन्हात वाळवतात, बांबूच्या नळीत ठासून भरतात आणि ती नळी चुलीवर धुरात ठेवतात. त्यांच्या भाषेत त्याला 'फालाप' म्हणतात. येथेही पहिली पायरी परतण्याचीच. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस या व्यापाऱ्याला या झाडांची माहिती मिळाली ती सिंगफो प्रमुखाकडून. मणिराम देवान या आसामी गृहस्थाने त्याला तिकडे नेले, असे सांगतात. याच मणिरामांना पुढे १८५७ च्या उठावात भाग घेतल्याबद्दल १८५८ मध्ये फाशी देण्यात आले.

रॉबर्टचा भाऊ चार्ल्स ब्रूस याच्याकडे सरकारने आसामातील चहाचे काम सोपवले. झाड होते, पण त्याच्या पानांचा बाजारात चालेल असा चहा करायचा कसा, हे इंग्रजांना माहीत नव्हते. म्हणून चीनमधून कारागीर आणले गेले. ते काय करतात ते ब्रूसने जवळ बसून पाहिले, दुभाष्यामार्फत त्यांना प्रश्न विचारले आणि १८३८ मध्ये कलकत्त्याला एक पुस्तिका छापली. पाने बांबूच्या परड्यांत उन्हात कोमेजवणे, हातांनी उडवून-झेलून मऊ करणे, तापल्या कढईत परतणे, दोन्ही तळव्यांत मावेल एवढा गोळा घेऊन मेजावर वळणे, मग धूर नसलेल्या कोळशावर डमरूच्या आकाराच्या टोपलीत वाळवणे. सारे त्यात बारकाईने आले आहे. गंमत म्हणजे ब्रूसने ज्याला काळा चहा म्हटले, तो या वर्णनावरून आजच्या ऊलाँगच्या जवळचा ठरतो, कारण परतणे वळण्याच्या आधी आहे. पुढे त्याच आसामी झाडांपासून हिरवा चहाही केला गेला. आसामचा पहिला चहा जानेवारी १८३९ मध्ये लंडनला लिलावात विकला गेला.

येथे थोडे थांबावेसे वाटते. चहाच्या इतिहासात ब्रूसचे नाव असते, फॉर्च्यूनचे असते. फॉर्च्यूनने १८५१ मध्ये हिमालयाच्या पायथ्याच्या बागांसाठी रोपांबरोबर कारागीरही आणले. त्यांची नोंद होते ती संख्येने. ज्याने लिहून घेतले त्याचे नाव राहिले, ज्याने दाखवले त्याचे राहिले नाही. ज्ञान कागदावर आल्यावरच ते ज्ञान, त्याआधी नुसती सवय, असे आपण नकळत धरून चालतो. ब्रूस आणि फॉर्च्यून यांनी निदान जवळ बसून पाहिले आणि विचारले, हा त्यांचा मोठा गुण मानला पाहिजे.

चहाचे विकर आणि पुणे

हात काय करतात हे लिहिले गेले. पण का करतात, हा प्रश्न आणखी साठ वर्षे राहिला. काळ्या चहाचा रंग जंतूंमुळे येतो की पानातल्याच एखाद्या द्रव्यामुळे, यावर १९०० च्या आगेमागे जपान, सिलोन, जावा आणि भारत येथे संशोधन चालू होते. भारतात हे काम करणारे हॅरॉल्ड मॅन हे १९०० मध्ये इंडियन टी असोसिएशनचे शास्त्रीय अधिकारी म्हणून आले. १९०१ पासून त्यांनी चहाच्या पानातील विकर आणि चहाची प्रत यांच्या संबंधावर आपले अहवाल प्रसिद्ध केले.

मॅन हे नाव आपल्यापैकी काहींना ओळखीचे वाटेल. हेच डॉ. मॅन १९०७ मध्ये पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि पुढे मुंबई इलाख्याचे शेतीसंचालक. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावातील जमीन, पीक आणि कर्ज यांची घरोघर फिरून केलेली त्यांची पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. खेड्याच्या अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना ती आजही माहीत आहे. चहाच्या पानाच्या आत डोकावणारा माणूस शेतकऱ्याच्या घरात डोकावला, हा योगायोग आम्हाला केवळ योगायोग वाटत नाही. दोन्हीकडे रीत तीच होती: जाऊन पाहायचे.

पुढे १९५० च्या दशकात ई. ए. एच. रॉबर्ट्स यांनी काळ्या चहातील रंगद्रव्ये वेगळी करून त्यांना थिआफ्लेविन व थिआरुबिजिन ही नावे दिली. लू यू याने लिहून ठेवलेल्या क्रमाला रसायनशास्त्राचे स्पष्टीकरण मिळायला जवळजवळ बाराशे वर्षे लागली.

हाताची जागा यंत्राने घेतली

एकोणिसाव्या शतकात चहाची मागणी इतकी वाढली की, मेजावर हातांनी पाने वळणे परवडेना. १८७० च्या दशकात विल्यम जॅक्सन यांनी पाने वळण्याचे यंत्र आणले. त्यात एकावर एक अशा दोन सपाट पृष्ठांमध्ये पाने गोल गोल फिरवून वळली जात. जणू माणसाचे दोन तळवेच. वाळवण्यासाठी सॅम्युएल डेव्हिडसन यांची गरम हवेची यंत्रे आली. आणि १९३० च्या सुमारास आसामात विल्यम मॅकर्चर यांनी दातेरी रुळांचे यंत्र बनवले. वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या दोन रुळांमधून पान चिरडले जाते, फाटते आणि त्याचे गोल दाणे होतात. सीटीसी या अक्षरांचा अर्थ तोच. जवळजवळ सर्व पेशी एकदम फुटतात, ऑक्सिडीकरण झपाट्याने होते आणि थोड्या चहात गडद रंग उतरतो. दूध-साखर घालून उकळण्यास तो सोयीचा. आपल्या घरी आणि कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये येतो तो बहुधा हाच.

यंत्रांनी चहा स्वस्त केला, म्हणूनच तो सर्वांच्या घरी पोचला. तेव्हा हातकामाचे नुसते गोडवे गाणे बरे नव्हे. तापल्या कढईत हात घालून दिवस काढणे हे कष्टाचे काम आहे. त्याने बोटे भाजतात. शिवाय यंत्रे आली तरी 'दोन पाने आणि एक कळी' खुडणारे हात बव्हंशी राहिलेच, आणि ते बहुतांशी बायकांचे आहेत. पण यंत्राला एका ठरावीक पानाचा एका ठरावीक प्रतीचा चहा करता येतो. आज पाऊस पडून गेला आहे, पान नेहमीपेक्षा ओले आहे, तेव्हा अर्धा तास थांबू या, हे अजूनही कोणाला तरी पान हातात घेऊनच ठरवावे लागते. चहाच्या कारखान्यांतही अनुभवी माणूस लगद्याचा वास घेऊन पुढची आज्ञा देतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये युनेस्कोने चीनमधील चहा बनवण्याची पारंपरिक तंत्रे मानवाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. चांगलीच गोष्ट आहे. मात्र यादीत नोंद झाली म्हणून हात शिकत नाहीत. हात शिकतात ते दुसऱ्या हाताशेजारी बसून.

वर्गात करून पाहा

चहाची ताजी पाने आपल्याकडे सहज मिळत नाहीत, पण त्यांचे काम वांगे किंवा सफरचंद करू शकेल. सारख्या आकाराच्या पाच फोडी घ्या. पहिली उघडी ठेवा. दुसरी दोन मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवून काढा. तिसरीला लिंबाचा रस चोळा. चौथीची फक्त कड चमच्याने चेचा. पाचवी कापल्याबरोबर काठोकाठ भरलेल्या पाण्यात बुडवून ठेवा. अर्ध्या तासाने मुलांना रंगाची नोंद करू द्या. उकळलेली फोड हा आपला हिरवा चहा, उघडी फोड हा काळा चहा आणि कडेला चेचलेली ऊलाँग. लिंबाच्या आम्लाने विकराचा वेग मंदावतो आणि पाण्यात बुडवल्याने हवा तुटते. उकळण्याचा वेळ पाच सेकंद, तीस सेकंद, दोन मिनिटे असा बदलून पाहिला तर 'केव्हा थांबवायचे' हा कारागिराचा प्रश्न मुलांच्या हाती येईल.

त्यानंतर मुलांना घरी एक काम द्यावे. आजीला, आईला, मिठाईवाल्याला किंवा गुऱ्हाळावरच्या गुळव्याला विचारायचे: हे झाले, आता थांबायचे, हे तुम्हाला कशावरून कळते? उत्तरे लिहून आणायची, आणि उत्तर देणाऱ्याचे नावही लिहायचे. गुळव्या कदाचित पाण्यात टाकलेल्या पाकाची गोळी दाखवील. आजी म्हणेल, वासावरून. त्या प्रत्येक उत्तराच्या मागे काही ना काही विज्ञान असण्याचा संभव आहे, आणि ते सगळेच शोधून झालेले आहे असे नाही.

शिबिरातल्या त्या बाईंना आम्ही पुढे पत्राने उत्तर कळवले. त्यांचा उलट आलेला मजकूर दोन ओळींचा होता. उत्तर वर्गात सांगितले, असे त्यांनी लिहिले होते. आणि एका मुलीने विचारले आहे की, मग केळफूल ताकातच का टाकतात, पाण्यात का नाही? आम्ही त्यांना कळवले की, तिला दोन्हींत टाकून पाहायला सांगा.